लज्जा कोणाची? : नेवाशाची मृण्मूर्ती आणि हेलेनिस्टिक शिल्पातील नग्नता

नेवासे म्हटले की मराठीच्या अभ्यासकाला शके १२१२ आठवते, ज्ञानेश्वरी आठवते. त्या गावाचे दुसरे एक अस्तित्व लाडमोडच्या पांढरीत दडलेले आहे याची आठवण सहसा होत नाही. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्यातील ज्या थरांना उत्खननकर्त्यांनी 'इंडो-रोमन' असे नाव दिले, ते ढोबळमानाने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या मध्यापासून इ. स. दुसऱ्या शतकाच्या अखेरपर्यंतचे आहेत. भूमध्यसागराकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे, सातवाहनांची नाणी आणि लहान लहान मृण्मूर्ती या काळाच्या खुणा होत. या मृण्मूर्तींमध्ये पाय दोन्ही बाजूंना फाकवून बसलेल्या, योनी स्पष्ट दाखविलेल्या स्त्रीची प्रतिमाही होती. ह. धी. सांकलिया यांनी १९६० मध्ये या वर्गातील प्रतिमांवर एक इंग्रजी लेख लिहिला. पश्चिम आशिया, भारत आणि आग्नेय आशिया यांतील 'नग्न देवता' किंवा 'निर्लज्ज स्त्री' असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. ही प्रतिमा ग्रीक संस्कार झालेल्या इजिप्तमधून रोमन व्यापाराच्या काळात दख्खनमध्ये आली असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या प्रतिपादनाला मराठीतून मिळालेले सर्वांत समर्थ उत्तर म्हणजे रा. चिं. ढेरे यांचा 'लज्जागौरी' (१९७८) हा ग्रंथ. रेणुका, यल्लम्मा, मातंगी, वारूळ, भूमी अशा उपासनाजालात ही प्रतिमा ठेवून ढेरे यांनी तिची मुळे याच मातीत दाखविली. त्यापूर्वी, १९५६ मध्ये, स्टेला क्रामरिश यांनी तिचा संबंध ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अदिती आणि उत्तानपद यांच्याशी जोडला होताच. वाद यापुढे 'आपली की परकी' या वळणावर गेला. १९८० नंतरच्या देशीवादी वातावरणात तर तो तेथेच रुतला. मात्र मूळ कोणते हे ठरविण्याआधी दुसरा एक प्रश्न विचारावयास हवा होता. सांकलियांच्या शीर्षकातील 'नग्न' आणि 'निर्लज्ज' ही दोन विशेषणे कोणत्या शिल्पपरंपरेच्या अनुभवातून घडली आहेत? ज्या परंपरेशी नाते जोडावयाचे, त्या परंपरेत नग्नतेचा अर्थ काय होता?

ग्रीक शिल्पात पुरुषदेहाची नग्नता जुनी आहे. ती वीराची, खेळाडूची, देवाची स्वाभाविक अवस्था आहे. स्त्रीदेहाच्या बाबतीत मात्र मोठ्या पूजामूर्तीतील संपूर्ण नग्नता इ. स. पू. चौथ्या शतकात प्राक्सिटेलीसच्या अफ्रोडाइटपासून येते. प्लिनी सांगतो की प्राक्सिटेलीसने दोन मूर्ती घडविल्या होत्या; कोस बेटाच्या लोकांनी वस्त्रावृत मूर्ती घेतली आणि त्यांनी नाकारलेली नग्न मूर्ती क्निडोसने घेतली. ती सर्व बाजूंनी पाहता यावी म्हणून तिचे देवालय खुले ठेवले होते. पुढे राजा निकोमिडीस या मूर्तीच्या मोबदल्यात नगराचे सारे कर्ज फेडावयास तयार असतानाही क्निडोसकरांनी ती दिली नाही. या मूर्तीचा एक हात योनीपुढे येतो. ही हालचाल साधी नाही. झाकण्यासाठी कोणीतरी पाहत असावे लागते. म्हणजे त्या हाताने पाहणारा शिल्पाच्या आत ओढून घेतला आहे. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरच्या (इ. स. पू. ३२३) तीन शतकांत, ज्यांना १८३६ पासून, ड्रॉयझेनच्या इतिहासामुळे, 'हेलेनिस्टिक' म्हटले जाऊ लागले, हीच शक्यता शिल्पकारांनी पुढे नेली. ज्या मूर्तिप्रकाराला आज कॅपिटोलाइन व्हीनस म्हणतात त्यात दोन्ही हात देह झाकू पाहतात, मान एका बाजूस वळते, जणू चाहूल लागली आहे. युरोपीय कलेतिहासाने या मुद्रेला 'पुदिका', म्हणजे लज्जावती, असे नाव दिले. लज्जा आता देवतेच्या स्वभावात उरली नाही. ती देवता आणि प्रेक्षक यांच्यामधील एका प्रसंगात जाऊन बसली.

याच काळाच्या शिल्पाने मद्याचे भांडे कवटाळून बसलेली वृद्धा, मरणासन्न गॉल, थकलेला मुष्टियोद्धा हेही विषय केले. प्लिनीने तर इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कला थांबली आणि दुसऱ्याच्या मध्यास पुन्हा जिवंत झाली असा निवाडा दिला, आणि अठराव्या शतकात विंकेलमानने त्या निवाड्याला ऱ्हासाच्या सिद्धान्ताचे रूप दिले. तो आज कोणी फारसा मानीत नाही. येथे महत्त्वाचे एवढेच की या सर्व शिल्पांत पाहणाऱ्याने काहीतरी करावे अशी अपेक्षा आहे : कळवळावे, हसावे, नजर चोरावी.

बाउबोच्या प्रतिमा याच जगातल्या. कन्येच्या शोकात बुडालेल्या डिमिटरपुढे बाउबोने वस्त्र वर उचलले आणि देवी हसली, अशी कथा अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने नोंदविली आहे. अर्थात निषेधाच्या सुरात. आशिया मायनरमधील प्रिएने येथे डिमिटरच्या देवळात सापडलेल्या मृण्मूर्तींत पायांवर थेट एक मोठा चेहरा आहे. मधले धड नाही. पोट म्हणजेच मुख, आणि त्या मुखाखाली योनी. इजिप्तमधील ग्रीक-रोमन काळच्या बसलेल्या स्त्रीमूर्तींना मस्तक आहे. सांकलियांनी नाते जोडले ते या दुसऱ्या प्रकाराशी. दोहोंतही चेहरा आहे, आणि चेहरा आहे म्हणून संवादही आहे. बाउबोचे उघडे होणे हे डिमिटरसाठी आहे. पाहणारी हसली नाही तर ती कृतीच अपुरी राहते. अफ्रोडाइट झाकते आणि बाउबो उघडते. नीती उलटी, व्याकरण एकच.

दख्खनमधील या प्रतिमांच्या समोर उभे राहिले की हे व्याकरण चालेनासे होते. त्यांच्या फार मोठ्या वर्गात मस्तकच नाही. मानेच्या जागी उमललेले कमळ आहे, कित्येकदा देहाचा घटच झाला आहे. कॅरल बोलन यांनी १९९२ च्या ग्रंथात या वर्गाचे जे प्रकार पाडले त्यांत मानवी मस्तकाच्या प्रतिमाही आहेत, आणि त्यांच्या बाबतीत पुढील विधान सैल करावे लागेल. पण कमलशीर्षा प्रतिमेला डोळे नाहीत. ती कोणाकडे पाहत नाही, कोणी पाहते आहे याची तिला चाहूल नाही, कोणाला हसविण्याचा वा लाजविण्याचा तिचा हेतू असू शकत नाही. प्रिएनेच्या मूर्तीत धड गाळून मुख ठेवले आहे. येथे मुख गाळून धड ठेवले आहे. हा फरक तपशिलाचा म्हणून सोडून देता येणार नाही. मुख काढून टाकणे म्हणजे लज्जेची जागाच काढून टाकणे होय. (माहूरला रेणुका केवळ मुखरूपाने पूजिली जाते, ही गोष्ट या संदर्भात पुन्हा पुन्हा विचार करण्याजोगी आहे.)

याचा अर्थ दख्खनने भूमध्यसागराकडून काही घेतलेच नाही असा नव्हे. पांढऱ्या केओलिनच्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या सातवाहनकालीन मूर्ती नेवासे, तेर, पैठण येथे मिळतात. या तंत्रामागे रोमन संपर्क असावा हे मत सयुक्तिक आहे. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीत १९४५ मध्ये मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती तर सरळ हेलेनिस्टिक वळणाची आहे. ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. पण तिने येथे एकही मूर्ती घडविल्याचे दिसत नाही. वस्तू आली, रूप आले नाही. कार्ल्याच्या चैत्यात उलटे घडले : धेनुकाकटच्या सिहधय, यसवधन अशा 'यवन' दात्यांनी स्तंभ दिले आणि त्या स्तंभांत ग्रीक असे काही नाही. माणूस, वस्तू, तंत्र, रूप आणि अर्थ एकाच गलबतातून प्रवास करीत नाहीत. आपली समीक्षा 'प्रभाव' या एका शब्दात ही पाचही कोंबते आणि मग कोणावर कोणाचे ऋण आहे याचा हिशेब मांडत बसते. साहित्यातही हेच होते. कादंबरीचा साचा इंग्रजीतून आला एवढ्यावरून तिच्यातील दुःखही तिकडचे ठरविणारे थोडे नाहीत.

म्हणून सांकलियांच्या प्रबंधातील खरी अडचण मूळ परके ठरविण्यात नाही. ते उद्या सिद्ध झाले तरी बिघडत नाही. 'नग्न' आणि 'निर्लज्ज' ही विशेषणे, अवतरणचिन्हांत का होईना, वर्णनाच्या थाटात वावरतात आणि प्रत्यक्षात एक नैतिक निवाडा करून जातात, ही अडचण आहे. नग्नता ही वस्त्राचा अभाव दाखविणारी साधी वस्तुस्थिती नाही. कोणीतरी कोणाला तरी दिसण्याचा तो एक संबंध आहे, आणि तो संबंध ज्या शिल्पाने घडविला त्याचीच मोजपट्टी घेऊन ज्या शिल्पात तो नाही ते मोजले गेले. मराठीतील श्लील-अश्लीलाची चर्चाही दीर्घकाळ याच खोड्यात अडकून होती. अश्लीलता कृतीत असते की वाचकात, हा प्रश्न 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला, प्रश्न मात्र समीक्षेकडेच राहिला.

ढेरे यांचे मोठेपण त्यांनी देशी मूळ शोधले यात जेवढे आहे त्याहून अधिक प्रतिमेपुढे प्रेक्षकाऐवजी उपासक उभा केला यात आहे. अपत्यासाठी येणारी स्त्री या मूर्तीला कुंकू लावते, लोणी चोपडते. तिचा व्यवहार स्पर्शाचा आहे. 'देशी' म्हणून ढेरे यांचा जयजयकार करणाऱ्यांना हे क्वचितच दिसले, कारण त्यांनाही प्रतिमा पाहावयाची होती, फक्त अभिमानाने. आणि 'लज्जागौरी' हे नाव तरी निरागस आहे काय? लज्जा हा शब्द त्यातही आहेच. पण तेथे तो देवतेच्या गौरवाचा भाग झाला आहे, आरोप राहिलेला नाही.

पाँपेईच्या राखेत १९३८ मध्ये एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तेर आणि भोकरदन येथील हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. इ. स. ७९ पूर्वी केव्हातरी ती तेथील एका घरात पोहोचली. दागिन्यांखेरीज तिच्या अंगावर जवळजवळ काही नाही. रोमन कलेतील स्त्रीदेह दख्खनमधून आला असा प्रबंध कोणी लिहिला नाही, आणि तिला कोणी निर्लज्जही म्हटले नाही. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. नेवाशाच्या थरांतून वर आलेली मृण्मूर्तीही आता उपासकाच्या नव्हे, अभ्यासकाच्या हातात आहे. चिठ्ठीवर कोणते विशेषण लिहावयाचे ते त्यालाच ठरवावयाचे आहे.