नकार कोणी कळवायचा?

नोकरभरती करणाऱ्या कंपनीत कामाला लागलं, की सर्वांत आधी एक हिशेब शिकवला जातो. आपण पाठवलेला उमेदवार रुजू झाला, तर मालक कंपनीकडून त्याच्या वार्षिक पगाराच्या साधारण ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी फी मिळते. बहुतेक करारांत आणखी एक अट असते: ९० दिवसांच्या आत तो सोडून गेला, तर दुसरा माणूस फुकट द्यायचा. त्याआधी किती फोन केले, किती बायोडेटा चाळले, किती जणांना मुलाखतीला पाठवलं, याला मोल नाही. पुण्यातल्या अशा एका कंपनीत राहून मी चाकण-रांजणगावच्या कारखान्यांसाठी आणि हिंजवडीतल्या कार्यालयांसाठी माणसं शोधली. या धंद्याबद्दल उमेदवारांच्या ज्या तक्रारी असतात, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ मला या हिशेबात सापडलं.

सर्वांत मोठी तक्रार न मिळणाऱ्या उत्तराची. निवड झालेल्याला रुजू होईपर्यंत आम्ही सारखे फोन करतो, कारण नोटीस पीरियडमध्ये तो दुसरी ऑफर घेईल ही धास्ती असते. ज्यांची निवड झाली नाही, त्यांना मात्र कोणी काहीच कळवत नाही. त्यांच्यावर घालवलेला वेळ टार्गेटमध्ये धरला जात नाही. भोसरीत चौघांत खोली घेऊन राहणारा लातूरकडचा डिप्लोमावाला मुलगा मुलाखत देऊन येतो, हातातलं रोजंदारीचं काम नाकारतो आणि वाट पाहतो. ‘मॅडम, काही कळलं का?’ असं विचारतो. ‘अजून फीडबॅक आला नाही’ हे त्याला मिळणारं उत्तर बऱ्याचदा खरंच असतं. मालक कंपनीनेही आम्हाला काही सांगितलेलं नसतं. तोवर खोलीचं भाडं चालूच असतं. दुसऱ्यांनी उत्तर टाळल्याचा खर्च असा ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत, त्याच्या खिशातून जातो.

पण या न बोलण्यामागे केवळ वेळेची काटकसर नाही. मालक कंपनी लेखी कळवते ते शिक्षण, अनुभव, पगार. उरलेल्या अटी फोनवर येतात. नुकतंच लग्न झालेली मुलगी नको. जवळपासच्या गावातली मुलं नकोत, ती संघटना करतात. घरचं वातावरण जरा पाहून घ्या. यांतलं एकही वाक्य ईमेलमध्ये येत नाही. चाळणी लावण्याचं काम मधल्या कंपनीकडे जातं, मालकाच्या दप्तरात काही उरत नाही आणि उमेदवाराला आपण कशात कमी पडलो ते कधीच समजत नाही. लेखी कारण द्यायची वेळ आली, तर यांतली बरीच कारणं कागदावर उतरवण्याचं धाडस कोणी करणार नाही.

ही एकट्या माझ्या अनुभवाची गोष्ट नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. हा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरचा अभ्यास मांडला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असं हे अधिकारी सांगत होते आणि उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमीही महत्त्वाची मानत होते.

कायद्याने या प्रश्नाला बाजूबाजूने स्पर्श केला आहे. १९५९च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं, तिथूनच माणूस घेणं मात्र नाही. १९७६च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई केली. घटनेचं सोळावं कलम समान संधीची हमी देतं, ती सरकारी नोकरीपुरती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७च्या १८१व्या करारात खासगी एजन्सींनी कामगाराकडून पैसे घेऊ नयेत असं सर्वसाधारण तत्त्व आहे, आणि भेदभावालाही मनाई आहे. पैसे मालकानेच द्यावेत हे योग्यच आहे. पण पैसे देत नाही म्हणून उमेदवाराला उत्तर मागण्याचाही अधिकार नाही, असा अर्थ आपल्याकडच्या रोजच्या व्यवहाराने लावला आहे.

एकेका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात, सगळ्यांना कुठे कळवत बसायचं, हा आक्षेप मी रोज ऐकला आहे. निदान ज्याला मुलाखतीला बोलावलं, त्याला तरी ठरलेल्या मुदतीत निकाल कळवता येतो. मोबाइलवरच्या संदेशाला आता खर्चही येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लेखी कारण मागितलं, तर लोक खोटं कारण लिहितील. लिहितील. पण खोटं कारणही कागदावर आलं, की ते तपासता येतं. ‘अनुभव कमी’ असं लिहून त्याहून कमी अनुभवाचा माणूस घेतला, तर जाब विचारता येतो. फोनवरच्या अटीला जाब विचारता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मालकाच्या सगळ्या अटी लेखी असाव्यात, मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला कारणासह निकाल कळावा, आणि ही नोंद काही काळ जपून ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि मधल्या कंपनीवरही असावी. भरती करणाऱ्या कंपनीतल्या तरुण नोकरदारांनाही याने बळ मिळेल. ‘हे लिहून पाठवा’ एवढं म्हटलं, की फोनवरच्या कित्येक अटी तिथेच गळून पडतील. कोणाला घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा आहे. का घेतलं नाही, हे समजण्याचा अधिकार मात्र उमेदवाराचा आहे, आणि तो कायद्यात लिहिला गेला पाहिजे.