उभं रिंगण

फलटणच्या तात्यांचा फोटो स्टुडिओ लग्नाच्या अल्बमांवर चालायचा, जीव मात्र वारीत गुंतलेला. पालखी तरडगावला निघाली की चांदोबाच्या लिंबाजवळ ते उभ्या रिंगणाला हजर. एका वर्षी मनासारखा फोटो साधला. दुतर्फा वारकरी, मधून धावणारा माउलींचा अश्व आणि कडेला डोक्यावर तुळस घेतलेली, डोळे मिटलेली म्हातारी. कोपऱ्यात नाव टाकून त्यांनी तो फेसबुकवर ठेवला.

थोड्याच दिवसांत तो चौकातल्या फ्लेक्सवर झळकला. नावाचा कोपरा कापलेला, म्हातारीच्या पायाशी प्लॉटचे दर.

"गुगलवर सापडला," प्लॉटवाला म्हणाला. "हवं तर खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ लिहितो."

"भर उन्हात तिथं इंटरनेट उभं होतं का?"

वकीलबाईंनी कागद हाती घेतले. फोटो काढला त्या क्षणीच हक्क तयार होतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी नोंदणीची अट नाही. लग्नाच्या फोटोंचं वेगळं. तिथे दुसरा करार नसेल, तर पैसे देऊन काढून घेणारा मालक ठरतो. हा फोटो मात्र तात्यांनी स्वतःसाठी काढला होता आणि मूळ फाइल त्यांच्याकडेच होती. नोटीस गेली, फ्लेक्स उतरला, मोबदलाही मिळाला. हे योग्यच झालं. नाव कापणाऱ्याला ते कापताना कळत असतं.

पण तात्यांना आता चोरच दिसू लागले. भाच्याने फोटोवरून फोटो शोधायला शिकवलं आणि रोज रात्री तक्रारी सुरू झाल्या. त्यात यूट्यूबवरची एक कॉलेजची मुलगी सापडली. वारीच्या छायाचित्रांवर ती बोलत होती. तात्यांचा फोटो नावासकट दाखवून तिने म्हातारीचं कौतुक केलं, आणि मग म्हणाली, "घोड्याचे पाय चौकटीत कापले गेलेत, त्यामुळे धावण्याचा वेग हरवलाय."

तात्यांनी तक्रार केली. व्हिडिओ उतरला, तिच्या चॅनेलवर स्ट्राइक आली.

वकीलबाई यावेळी रागावल्या. "तात्या, अशा तीन स्ट्राइक 90 दिवसांत आल्या तर तिचं चॅनेल बंद होऊ शकतं. त्याच कायद्याचं कलम 52 वाचा. समीक्षा, टीका, अभ्यास, चालू घडामोडींचं वृत्त यांना मोकळीक आहे."

"किती सेकंदांची?"

"सेकंद मोजून दिलेले नाहीत. कशासाठी घेतला, गरजेपुरताच घेतला का, तुमच्या विक्रीवर घाला आला का, हे पाहतात. प्लॉटवाल्याने तुमच्या फोटोवर स्वतःचा माल विकला. ही तुमच्या फोटोबद्दलच बोलतेय."

"खोट काढली तिनं त्यात."

"खोट काढायला तुमची परवानगी लागायला लागली, तर उरेल फक्त स्तुती. ती तुम्हाला चालेल?"

तात्या बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी भाच्याला तक्रार मागे घ्यायला बसवलं आणि मुलीला फोन लावला. ती घाबरून आधी माफीच मागू लागली.

"माफी नको गं. पाय कापलेत हे खरंय, मागे सरायला जागाच नव्हती. पण तू फेसबुकवरचा बारका फोटो लावलास, त्यात म्हातारीचा चेहरा फाटतोय. ईमेल सांग, मोठी फाइल पाठवतो. आणि पुढच्या व्हिडिओत आणखी कुणाकुणाचे फोटो घेणार आहेस?"