अभय आणि आडोसा

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका संध्याकाळी फोंडा तालुक्यातील एका देवस्थानचे भटजी आमच्या कचेरीत आले. महाजनांतील तंटे घेऊन देवस्थानची मंडळी आमच्याकडे नेहमीच येतात. तसेच काही असेल, असा आमचा समज झाला. परंतु भटजी बराच वेळ काही बोलेनात. छत्री कोपऱ्यात उभी करून, पाण्याचा पेला न पिताच हातात धरून त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, आश्रय दिलेल्या माणसाला पकडून दिले, तर ते पाप किती मोठे?"

हकीकत अशी होती. आठ दिवसांपूर्वी मध्यरात्रीनंतर अग्रशाळेच्या पायरीवर एक तरुण येऊन पडला. मांडीला खोल वार झालेला. भटजींनी पंचा फाडून जखम बांधली, उरलेली पेज ऊन करून पाजली. तो हात जोडून "मला लपवा" एवढेच म्हणत होता. भटजी म्हणाले, "भिऊ नकोस. देवाच्या दारात आहेस." त्याला कोठीच्या खोलीत निजवून त्यांनी बाहेरून कडी घातली. थोड्या वेळाने दहाबारा माणसे दांडे-कोयते घेऊन आली. शेजारच्या गावातील एकाला या तरुणाने सुऱ्याने भोसकले होते. झटापटीत त्यालाही वार लागला होता. भटजी दार अडवून उभे राहिले. पोलिसांवाचून कोणालाही दार उघडणार नाही, असे त्यांनी जमावाला बजावले आणि मुलाला मागच्या वाटेने पोलीस ठाण्यावर पिटाळले. पहाटे पोलीस आले, तेव्हा भटजींनी आपल्या हाताने कडी काढली. जाताना त्या तरुणाने वळून पाहिले व म्हटले, "तुम्ही म्हणाला होतात." त्या तीन शब्दांनी भटजींची झोप गेली होती.

कायद्याचे उत्तर अवघड नव्हते. तेव्हा दंडसंहितेचे कलम २१२ लागू होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ मध्ये आहे. गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचविण्याच्या हेतूने जाणूनबुजून आसरा दिला, तर मूळ गुन्हा देहान्ताच्या शिक्षेचा असल्यास आसरा देणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, आजन्म कारावासाचा असल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अन्न, पाणी, वस्त्र देणे हेसुद्धा 'आसरा' या शब्दात येते. तथापि सारा भर हेतूवर आहे. जमावाच्या कोयत्यापासून वाचविणे म्हणजे कायद्याच्या शिक्षेपासून वाचविणे नव्हे. जखम बांधण्याविषयी तर शंकाच नको. जखमी मनुष्य निरपराध असो वा अपराधी, त्याचे प्राण राखणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगितले आहे. (जाता जाता सांगावयाचे तर, या कलमातून पती-पत्नीला सूट आहे, आईला नाही. कायदे करणाऱ्यांनी आईचा विचार केला नाही, की करून सोडून दिला, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.)

भटजींनी हे सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "कायद्याने मी सुटलो, हे ठाऊक आहे. मी मानसिंग झालो का, तेवढे सांगा."

भटजींची कन्या ग्वाल्हेरला दिलेली आहे. तिकडच्या दोन कथा त्यांच्या मनात घर करून होत्या. जून १८५८ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाई घायाळ झाल्या, तेव्हा त्यांना बाबा गंगादासांच्या मठात आणले गेले. तेथेच त्यांनी देह ठेवला, आणि तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून साधूंनी घाईने अग्निसंस्कार केला. मठाच्या रक्षणार्थ अनेक साधू पडले, असे परंपरा सांगते. पुढल्याच वर्षी, त्याच मुलखात, नरवरच्या मानसिंगाने आपल्या विश्वासावर रानात राहिलेल्या तात्या टोप्यांना ७ एप्रिल १८५९ च्या रात्री झोपेत इंग्रजांच्या हवाली केले. अकरा दिवसांनी शिवपुरीस तात्यांना फाशी झाली.

मानसिंगाने सौदा केला, भटजींना काय मिळाले? हे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. परंतु ते पुरे नाही. फुकट केलेला विश्वासघातही विश्वासघातच असतो. खरा भेद पाठलाग करणाऱ्यात आहे. मठाच्या दाराशी फौज आली होती, न्यायाधीश नव्हे. तात्यांपुढे लष्करी न्यायालय बसले, त्याने निकाल अगोदरच ठरवून आणला होता, असे म्हटले तर चूक होणार नाही. या तरुणाला वकील मिळणार होता, साक्षीपुरावा होणार होता, अपील होते. शिवाय दुसरा एक जखमी त्याच वेळी रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होता (पुढे तो वाचला). त्याच्याही वतीने कोणीतरी दार ठोठावत होते, हे विसरून कसे चालेल?

असे आम्ही बोलत होतो खरे, पण प्रामाणिकपणे सांगावयाचे तर वीस वर्षांच्या वकिलीत कोठडीत मार खाऊन आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. पोलिसांच्या गाडीत बसणारा प्रत्येक जण न्यायाकडेच जातो, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आमचा युक्तिवाद तेथे लंगडतो, आणि लंगडतो हे भटजींच्याही लक्षात आले.

चित्रसेन गंधर्वाची कथा आपण कीर्तनात ऐकतो. पाठीमागे कोण लागले आहे हे न विचारता सुभद्रेने त्याला अभय दिले, आणि ते राखण्यासाठी अर्जुनाला प्रत्यक्ष श्रीकृष्णासमोर धनुष्य उचलावे लागले. कथेतील देव समजूत पटवून युद्ध थांबवू शकतात. अग्रशाळेतल्या भटजींना ती सोय नसते. म्हणून पाणी देण्यापूर्वी काही विचारू नये, पण लपविण्यापूर्वी विचारावे, असे आमचे मत आहे.

करारांच्या कायद्यात एक दंडक आहे: शब्द संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ तो उच्चारणाऱ्याच्या विरुद्ध लावावा. "भिऊ नकोस" म्हणताना भटजींच्या मनात जमाव होता. ऐकणाऱ्याने त्यात पोलीसही धरले. आम्ही भटजींना म्हटले, "कडी काढलीत यात दोष नाही. ती काढणार आहात हे रात्रीच त्याला सांगितले नाहीत, हा दोष."

"सांगितले असते तर तो तसाच रक्त गाळीत पळाला असता," भटजी म्हणाले.

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी पेल्यातले पाणी संपविले आणि छत्री उचलली.

महिन्याभराने त्यांचा दूरध्वनी आला. तुरुंगातील भेटीच्या अर्जात 'कैद्याशी नाते' असा रकाना होता, तेथे काय लिहावे, एवढे त्यांना विचारावयाचे होते. आम्हाला चटकन काही सुचले नाही. शेवटी त्यांनी 'अग्रशाळेतील भट' असे लिहिल्याचे मागाहून कळले. पहिल्या खेपेस तरुणाने भेट नाकारली. पुढच्या महिन्यात भटजींनी पुन्हा अर्ज केला.