रक्षणाचे पुण्य आणि देवगिरीचे धन

राजाने प्रजेचे रक्षण करावे आणि त्याच्या मोबदल्यात उत्पन्नाचा षड्भाग, म्हणजे सहावा हिस्सा, घ्यावा, हा भारतीय राजधर्माचा मूळ व्यवहार आहे. मनुस्मृती तर याही पुढे जाऊन रक्षण करणाऱ्या राजाला प्रजेच्या पुण्याचा आणि रक्षण न करणाऱ्याला तिच्या पापाचा सहावा हिस्सा मिळतो, असे सांगते. या हिशेबात एक प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो: ज्याने एका प्रजेला घोर संकटातून वाचवले त्यानेच दुसऱ्या प्रजेला लुटले असेल, तर वाचवण्याच्या पुण्यातून लुटीचे पाप वजा होते काय? दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खलजी (राज्यकाल १२९६ ते १३१६) याच्याविषयी महाराष्ट्रात विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मोगलांपूर्वीच्या काळात ज्या मंगोल स्वाऱ्यांनी मध्य आशिया आणि इराण उद्ध्वस्त केले त्या त्याने परतवल्या, आणि यादवांची राजधानी देवगिरीही त्यानेच लुटली.

पुराणांना हा पेच अपरिचित नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यात पूर्णगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळणारी मुचकुंदी नदी ज्या मुचकुंदाच्या नावाने ओळखली जाते, तो भागवतातील कथेप्रमाणे देवांच्या बाजूने असुरांशी दीर्घकाळ लढलेला राजा होता. श्रमाने थकून त्याने देवांकडे वर मागितला तो केवळ झोपेचा, आणि पुढे त्याला गुहेत जागे करणारा, कृष्णाचा पाठलाग करत आलेला कालयवन त्याच्या दृष्टीनेच भस्म झाला. एवढ्या मोठ्या रक्षणकर्त्याला कृष्ण भेटतो तेव्हा स्तुती करून थांबत नाही, तर क्षात्रधर्माने वागताना शिकारीसारख्या कर्मांत जे जीव मारले गेले त्यांचे पाप तपाने फेडावे, असे स्पष्ट सांगतो. देवांवर केलेले उपकार त्या जिवांच्या खात्यात जमा धरले जात नाहीत. हा निवाडा कठोर असला तरी तर्कशुद्ध आहे.

अलाउद्दीनच्या जमेची बाजू लहान नव्हती. मध्य आशियावर सत्ता असलेल्या चगताई मंगोलांच्या, म्हणजे चंगीझखानाच्या दुसऱ्या मुलाच्या वंशजांच्या, फौजा त्याच्या कारकिर्दीत वारंवार हिंदुस्थानात उतरल्या. १२९९ मध्ये कुतलुग ख्वाजा दिल्लीच्या वेशीवर येऊन ठेपला, तेव्हा लढाई टाळून वाटाघाटीने वेळ काढावा असा सल्ला कोतवाल अलाउल्मुल्कने दिला. सुलतानाने तो मानला नाही आणि किलीच्या मैदानावर झुंज दिली, जिच्यात त्याचा शूर सरदार जफरखान पडला. १३०३ मध्ये चितोडच्या मोहिमेवरून सैन्य थकून परतले असतानाच मंगोल सेनानी तरघीने दिल्लीला वेढा घातला, आणि सुमारे दोन महिने सुलतान सिरीच्या छावणीत खंदकाआड अडकून पडला. तरघी निघून गेल्यावर त्याने तटबंदी दुरुस्त केली, वायव्येकडील ठाणी बळकट केली आणि मोठे खडे सैन्य उभारले, ज्यामुळे १३०५ मध्ये अमरोह्याजवळ आणि १३०६ मध्ये रावीच्या काठी मंगोलांचा मोड झाला व त्याच्या हयातीत त्यांनी पुन्हा दिल्लीकडे मोहरा वळवला नाही. या लढ्याला इस्लाम विरुद्ध काफर असे रूप देणे मात्र चूक ठरेल. इस्लाम स्वीकारून दिल्लीजवळ स्थायिक झालेल्या मंगोलांची, ज्यांना 'नवमुसलमान' म्हणत, कटाच्या संशयावरून सरसकट कत्तल करण्याचा हुकूम याच सुलतानाने दिला होता, त्यामुळे धर्मबंधुत्वाने त्याचा हात अडला असे म्हणता येत नाही.

देवगिरीच्या लुटीचे समर्थन करताना हीच संपत्ती पुढे मंगोलांविरुद्ध कामी आली, असा युक्तिवाद केला जातो. तो काळाच्या क्रमावरच कोसळतो. १२९६ च्या प्रारंभी कडा येथून निघालेला अलाउद्दीन सुलतान नव्हता, तो चुलता आणि सासरा असलेल्या सुलतान जलालुद्दीनचा तिथला सुभेदार होता, आणि या मोहिमेची खबर त्याने दिल्लीला लागू दिली नव्हती. यादवराजा रामदेवराव गाफील होता, युवराज शंकरदेव फौजेसह दूर होता, आणि किल्ल्यात घाईने नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे तीन शतकांनंतर लिहिणारा फिरिश्ता सांगतो. त्याच वर्षी जलालुद्दीनचा खून करून पुतण्या दिल्लीकडे निघाला, तेव्हा प्रत्येक मुक्कामावर एका लहान मांजनिकातून, म्हणजे दगड फेकण्याच्या यंत्रातून, जमलेल्या लोकांवर सोने उधळले जात होते, असे इतिहासकार जियाउद्दीन बरनीने नोंदवले आहे. देवगिरीच्या सोन्याने पहिल्याप्रथम दिल्लीच्या सरदारांची निष्ठा विकत घेतली. सीमेवरचे बुरूज नंतर आले. कर्माचे मोल 'नियत', म्हणजे करणाऱ्याचा हेतू, यावर ठरते हे इस्लामी नीतिविचाराचे सूत्र धरले, तरी पुढे घडलेल्या रक्षणाचे श्रेय मागच्या लुटीला देता येत नाही.

या धनाची धार्मिक चर्चा खुद्द सुलतानानेच एकदा घडवून आणली, आणि बरनीच्या 'तारीख-ए-फिरोजशाही' या ग्रंथातील तो प्रसंग या विषयाच्या गाभ्याशी जातो. बयान्याचा काझी, म्हणजे शरियतप्रमाणे न्याय देणारा अधिकारी, मुघीसुद्दीन याला सुलतानाने विचारले की देवगिरीहून आणलेले धन माझे की बैतुलमालाचे, म्हणजे मुसलमान समाजाच्या सार्वजनिक खजिन्याचे? काझीने जीव मुठीत धरून उत्तर दिले की ते इस्लामच्या सैन्याच्या बळावर मिळाले असल्याने खजिन्याचे आहे. आपण तेव्हा केवळ मलिक, म्हणजे सरदार, होतो आणि आपल्याच चाकरांनिशी गेलो होतो, असा सुलतानाचा प्रतिवाद होता. पुढे खजिन्यातील सुलतानाचा वाटा साध्या घोडेस्वाराइतकाच, असेही काझी बोलून गेला तेव्हा तो संतापला, परंतु दुसऱ्या दिवशी त्याने काझीला खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणि हजार तनके (नाणी) देऊन सांगितले की अमुक आज्ञा शरियतप्रमाणे वैध की अवैध हे मला ठाऊक नाही, राज्याच्या हिताचे जे वाटते ते मी करतो. अभ्यासकांचे लक्ष साहजिकच या शेवटच्या विधानावर खिळते, कारण धर्मशास्त्रापासून राजसत्ता वेगळी काढण्याचा तो धीट उच्चार आहे. काझीचे धैर्यही खरे आहे. पण या संवादातील सर्वांत बोलकी गोष्ट त्यात न आलेला तिसरा पर्याय हीच होय: धन देवगिरीचे होते, ही शक्यता ना सुलतानाला सुचते ना काझीला. वाद चालतो तो घेणाऱ्यांमधील वाटणीचा. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली (१२९०) तेव्हा ज्या रामदेवरावाचे राज्य होते, त्याच्या रयतेला या न्यायसभेत पक्षकार म्हणून जागाच नाही.

दुसऱ्या बाजूने दिल्लीच्या रयतेला सुलतान आठवला तो स्वस्ताईमुळे. मोठे सैन्य कमी पगारात पोसता यावे म्हणून त्याने भाव बांधून दिले. गहू साडेसात जितल (लहान नाणी) मण, जव चार जितल, आणि वजनात खोट करणाऱ्या दुकानदाराच्या अंगाचे तेवढेच मांस कापण्याची शिक्षा. हे धान्य दोआबातल्या शेतकऱ्याकडून निम्म्या उत्पन्नाच्या साऱ्यातून येत होते, म्हणजे षड्भागाच्या तिप्पट. तरीही चिश्ती सूफी नसीरुद्दीन चिराग देहलवी यांच्या संवादांच्या संग्रहात सुलतानाच्या कबरीवर लोक नवसाचे धागे बांधत असल्याचा उल्लेख येतो, आणि त्या धाग्यांना भाबडेपणा म्हणून हसणे योग्य नाही. ज्यांच्या घरादाराचा बचाव झाला त्यांची कृतज्ञता सच्चीच होती. त्यांना देवगिरीच्या वतीने माफी देण्याचा अधिकार मात्र नव्हता.

परतफेडीसारखे काही घडले असे म्हणायचे झाल्यास एकच प्रसंग दाखवता येतो. पहिल्या स्वारीनंतर ठरलेली खंडणी थांबल्यावर सुलतानाचा सेनापती मलिक काफूर याने देवगिरीवर स्वारी करून रामदेवरावाला दिल्लीला नेले, तेव्हा सुलतानाने त्याला 'रायरायान' हा किताब, एक लाख तनके आणि नवसारीचा प्रांत देऊन सन्मानाने परत पाठवले. हे देणे ऋण म्हणून फेडलेले नव्हते, कृपा म्हणून दिलेले होते, आणि १३०९ साली वरंगळकडे व त्यानंतर द्वारसमुद्राकडे निघालेल्या काफूरच्या फौजांना दाणागोटा व वाट देवगिरीनेच पुरवली.