टाकलेले आणि राहिलेले

एखादी वस्तू टाकून दिली आणि एखादी मागे राहून गेली, यांत काही भेद आहे की नाही? प्रश्न पोरकट वाटेल; पण त्याच्या उत्तरावर गरिबाची अब्रू अवलंबून असते, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन होजे हे धनाढ्य शहर आहे. त्या भागात आपली मराठी माणसेही पुष्कळ नांदतात. शहरातून कोयोटी क्रीक नावाचा ओढा वाहतो. त्याच्या काठच्या सुमारे 68 एकर झाडीत शेकडो बेघर माणसे तंबू ठोकून राहत होती. डिसेंबर 2014 मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी ती वस्ती उठविली. हाती लागले तेवढे घेऊन माणसे निघाली. तंबू, गाद्या, पांघरुणे मागे राहिली. मग यंत्रे आली आणि ते सारे कचरा म्हणून उचलले गेले. असे ढीग पाहिले की, ‘काय घाण टाकून गेलेत बघा!’ हे शब्द आपल्याही तोंडून सहज निघतात.

पुढे फेब्रुवारी 2017 मध्ये वरचे अँडरसन धरण भरून सांडले आणि याच ओढ्याला पूर आला. सुमारे 14 हजार लोकांना घरे सोडावी लागली. त्यांचेही सामान चिखलात भिजले, रस्त्याकडेला त्याचे ढीग लागले. ते पाहून मात्र आपण म्हणतो, ‘बिचाऱ्यांचं सगळं गेलं हो!’ ओढा तोच, चिखलही तोच. मग आपली जीभ का पालटली? एकाला दार होते, दुसऱ्याला नव्हते, एवढेच ना?

कोणी म्हणेल, ‘अहो, पण कचऱ्याने ओढा नासतो, त्याचे काय?’ खरे आहे. ओढा स्वच्छ झालाच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच, की टाकणे हे ज्याच्या त्याच्या मनाचे कर्म आहे. बघणाऱ्याने ते परस्पर ठरवू नये. त्याच राज्यातील लॉस एंजेलिस शहरात काही बेघर माणसे अंघोळीला, जेवायला गेली असता त्यांचे सामान उचलून नष्ट करण्यात आले. 2012 साली तेथील अपील न्यायालयाने निवाडा दिला, की थोडा वेळ नजरेआड ठेवलेले सामान टाकलेले ठरत नाही. बेघराच्या सामानालाही राज्यघटनेचे संरक्षण आहे.

आपणही वाळवंटात पडशी ठेवून स्नानाला जातो, तेव्हा शेजारच्याला सांगून जातो, ‘एवढं बघा हो, माउली.’ आणि तो बघतो. ओढ्याकाठच्या माणसाला असे सांगायला कोणी शेजारी नव्हता. म्हणून आमची विनंती एवढीच: आपल्या गावी, स्टेशनावर, पुलाखाली फाटके बोचके दिसले, तर ते झाडून टाकण्याआधी दोन माणसांना विचारावे, ‘हे कोणाचं आहे?’ विचारायला पैसा पडत नाही.