हृदयाची साक्ष

मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं, हें कोणत्या खुणेवरून ओळखावें? आपल्या आजोबा-पणजोबांना या प्रश्नाचें उत्तर फारसें अवघड वाटत नसे. नाडी पाहावी, छातीवर कान ठेवावा, नाकाशीं सूत धरावें. तेथें जें कळेल तें अखेरचें. आज मात्र ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी याविषयीं शंका उत्पन्न झाली आहे. ती केवळ तार्किकांच्या वादापुरती नाहीं. रुग्णालयाच्या दारांत बसलेल्या आप्तांना कधीं कधीं एका रात्रींत तिचा निर्णय करावा लागतो. म्हणून हृदय हा साक्षीदार आहे तरी कसा, याची चौकशी करणें अवश्य आहे.

हृदयाचा पहिला विशेष हा कीं, धडधडण्यासाठीं त्याला कोणाची आज्ञा लागत नाहीं. हाताचा स्नायु हलवावयाचा तर मेंदूकडून निरोप यावा लागतो. हृदयाची प्रेरणा हृदयांतच आहे. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्याच्या, भिंतींत पेशींचा एक लहानसा पुंज आहे. किथ व फ्लॅक यांनीं तो १९०७ सालीं दाखवून दिला. सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे विद्युद्भारित कण या पेशींच्या आंतबाहेर ये-जा करीत असतात. त्यामुळें पेशीचा विद्युद्दाब आपोआप हळूहळू चढतो, ठराविक मर्यादेला पोंचतांच उसळतो, आणि उतरून पुन्हां चढूं लागतो. प्रत्येक उसळीसरशी एक लाट निघते. तिच्या स्पर्शानें दोन्ही अलिंदें आकुंचन पावून आपल्यांतलें रक्त खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, ढकलतात. सीमेवरच्या दुसऱ्या पुंजापाशीं ही लाट सेकंदाचा सुमारें दहावा भाग थबकते. हा विलंब नसता, तर निलयें पुरतीं भरण्यापूर्वींच आवळलीं गेलीं असतीं. मग पर्किंजे तंतूंच्या जाळ्यांतून ती वेगानें पसरते, आणि प्रत्येक निलयांतून सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतें; उजव्यांतलें फुप्फुसांकडे, डाव्यांतलें सर्व शरीराकडे. छातीवर कान ठेविला असतां ऐकूं येणारा दुहेरी ध्वनि झडपा मिटण्याचा होय. मिनिटाला ७५ ठोके धरले, तर हा सारा फेरा ०.८ सेकंदांत पुरा होतो, आणि त्यांतला निम्म्याहून अधिक वेळ निलयें सैल असतात.

मज्जातंतू हृदयापर्यंत येतात खरे, परंतु सारथ्याप्रमाणें लगाम खेचणें वा सैल सोडणें एवढेंच त्यांचें काम. विश्रांतींत तर तें बहुतेक आवरण्याचेंच असतें. बर्नार्ड यांनीं १९६७ सालीं केप टाऊन येथें एका मनुष्याचें हृदय दुसऱ्याच्या छातींत रोपिलें. तेव्हांपासून हें वारंवार दिसून आलें आहे कीं, मज्जातंतू तुटलेलें असें हृदय थांबत तर नाहींच, उलट विश्रांतींतहि नेहमींपेक्षां जलद चालतें.

श्वासाचें तसें नाहीं. त्याची प्रेरणा मेंदूच्या बुडाशीं असलेल्या मस्तिष्कस्तंभांतून येते. अपघातांत तो कायमचा नष्ट झाला आणि यंत्रानें फुप्फुसांत हवा भरली, तर रक्ताला प्राणवायु मिळतो व हृदय कांहीं काळ आपला क्रम चालू ठेवतें. अंग उबदार असतें, नाडी लागते. हा मनुष्य जिवंत कीं मृत? मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या भारतीय कायद्यानें उत्तर दिलें: चार वैद्यांच्या मंडळानें, निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासून, मस्तिष्कस्तंभ मृत ठरविला, तर तो मृत्यूच. मग निकटच्या आप्तांच्या संमतीनें अवयव दुसऱ्यास देतां येतात.

यावर आक्षेप असा कीं, ही व्याख्या सत्यासाठीं नसून सोयीसाठीं केलेली आहे. ज्याला हृदय हवें त्याच्याकडे पाहून ती बेतली आहे. हा संशय अगदींच गैर नाहीं, आणि तो आहे म्हणूनच चार वैद्य व दोन तपासण्या हव्यात. परंतु हृदय स्वयंचलित आहे हें एकदां मान्य केलें, म्हणजे त्याची साक्ष स्वतःपुरतीच ठरते. आपल्या पेशी जिवंत आहेत, एवढेंच तें सांगतें. ज्याच्या छातींत तें आहे त्याच्याविषयीं त्याला कधींच कांहीं ठाऊक नव्हतें. साक्षीदार खोटा नव्हे. आपणच त्याला भलता प्रश्न विचारीत आलों. पूर्वीं मेंदू व हृदय कांहीं मिनिटांच्या अंतरानें थांबत, म्हणून ही चूक उघडकीस आली नाहीं इतकेंच. त्यांतून भाषेनें दया, धैर्य, प्रीति हीं सारीं हृदयाच्या पदरीं घातलेलीं.

तरीहि मुलाच्या उबदार हातावरचा आपला हात आईला काढवत नाहीं, याला अज्ञान म्हणणें हा उद्धटपणा होईल. तिनें प्रेम केलें तें त्या देहावर, मस्तिष्कस्तंभावर नव्हे. मृत्यु कोठें झाला हें शास्त्र सांगूं शकतें. निरोप केव्हां घ्यावा हें त्यानें सांगावयाचें नसतें. मात्र आपल्या माघारीं या निर्णयाचा भार एकट्या तिच्यावर पडूं नये अशी तजवीज करणें, ज्याच्या त्याच्या हातीं आहे. धडधाकट असतां आपली इच्छा घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावी. तें काम हृदय आपल्यासाठीं करणार नाहीं.