ईर्षा आणि मत्सर

शेजाऱ्याचे यश पाहून मनुष्याच्या मनात दोन भाव उमटतात. एक म्हणतो, 'हे मलाही साधावे'. दुसरा म्हणतो, 'हे त्याच्यापाशीही नसावे.' ॲरिस्टॉटलने पहिला भाव सज्जनांचा मानला, दुसरा हीन मनाचा. आपली मराठीही हा भेद जाणते. संघ ईर्षेने खेळला, असे आपण कौतुकाने म्हणतो. मत्सराने खेळला, असे कौतुक कोणी करीत नाही.

भारत आणि चीन यांच्या महिला हॉकी संघांच्या लढतींत या भेदाची कसोटी लागते. २०२४ साली बिहारमधील राजगीर येथे आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना झाला. त्याच वर्षी चीनने पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले होते. भारताला तेथे प्रवेशही लाभला नव्हता. राजगीरला मात्र दीपिकाच्या एकमेव गोलाने भारत जिंकला. २०२५ साली हांगझोऊ येथे आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पहिल्याच मिनिटाला गोल केला; पण चीनने ४-१ असा विजय मिळवून विश्वचषकातील थेट प्रवेश पटकावला.

राजगीरचा आनंद एवढा मोठा का वाटला? समोरचा संघ समर्थ होता म्हणून. प्रतिस्पर्धी दुबळा व्हावा अशी इच्छा धरणारा नकळत आपल्याच विजयाचे मोल कमी करीत असतो.

यावर कोणी विचारील, २०२० साली गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. अशा शेजाऱ्याविषयी हे औदार्य भाबडेपणाचे नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. ते दुःख विसरा, असे कोणी सांगू नये. परंतु सीमेवरचा हिशेब मैदानावरील अकरा मुलींच्या नावे मांडणे न्यायाचे नाही. शत्रूंना दोघांनाही मान्य असा पंच नसतो; प्रतिस्पर्ध्यांना असतो. एकाच नियमाखाली उभे राहण्याचे मान्य केले, तेथेच त्यांनी परस्परांना काही एक मान दिलेला असतो.

राजगीरजवळच नालंदा आहे. सातव्या शतकात ह्युएन त्सांग चीनहून तेथे शिकावयास आला. शेजाऱ्यापाशी अधिक ज्ञान आहे हे जाणून तो जळत बसला नाही. त्याने वाट धरली. हांगझोऊच्या पराभवानंतर आपल्यापुढेही तीच वाट आहे.

खेळाडूला ही वाट सोपी जाते, कारण तिची ईर्षा सरावाच्या घामातून वाहून जाते. घरी बसलेल्या प्रेक्षकाला तसा मार्ग नसतो. म्हणून मत्सर साचतो तो बहुधा त्याच्या मनात. सामना पाहताना आपल्या तोंडून निघणारे उद्गार मुले ऐकत असतात. उद्या शेजारच्या घरातील मुलीला अधिक गुण मिळाले, की तेच उद्गार ती तिच्याविषयी काढतील.